बाळाचे महिने नकोत, उंची लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातून आलेल्या मालाची जकातीची कागदपत्रं भरायचं काम मी गेली २३ वर्षं करते आहे. खिळ्यांपासून दुर्बिणींपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून जातं. पण लहान मुलांच्या कपड्यांचं बिल समोर आलं की आजही मी चष्मा पुसून, खुर्ची पुढे ओढून बसते. एवढ्याशा कपड्यांत चुकायला खूप जागा आहेत, आणि ती चूक बहुतेक वेळा अशा माणसाच्या गळ्यात पडते ज्याला आपलं काय चुकलं हे शेवटपर्यंत कळत नाही. तुमच्या वाचकांत असा माल शिवणारे, मागवणारे, विकणारे बरेच जण असतील. त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

दोन महिन्यांपूर्वी एका बाईंनी पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर माल मागवला. आतापर्यंत त्या दुसऱ्याकडून घाऊक घेऊन विकत होत्या. होजिअरीच्या कापडाचे सुती रोम्पर, म्हणजे गळ्यापासून पावलापर्यंत एकसंध कपडा, एकूण १,१४० नग. बिलावर एकच ओळ होती, ‘लहान मुलांचे कपडे, सुती’. तिच्यापुढे कारखान्यानंच घातलेला जकातीचा कोड होता, ६१११.२०, म्हणजे होजिअरीचे सुती बाळकपडे. मी तो तसाच उचलला. मापांचा तक्ता मागितला नाही. ही चूक माझी, हे मी त्या बाईंनाही सांगितलं आहे.

तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी एक पेटी उघडली. वरचा रोम्पर उचलून मानेमागचं लेबल वाचलं, ‘२४ एम’, म्हणजे २४ महिने. खालच्या थरातला उचलला, त्यावर ‘२ टी’, टी म्हणजे टॉडलर, चालायला लागलेलं मूल. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, “मॅडम, हे किती उंचीच्या मुलांसाठी आहेत?”

“दोन्ही दोन वर्षांच्या मुलांसाठीच आहेत ना,” बाई म्हणाल्या.

“वय नाही विचारलं. उंची?”

आमच्यापैकी कुणालाच ते सांगता येईना. कारखान्याला मेल गेला, उत्तर आलं, ‘दोन वर्षांच्या मुलांसाठी.’ पुन्हा मेल. तक्ता हातात पडायला पाच दिवस लागले. त्यात ‘२४ एम’ ८६ सेंटिमीटर उंचीपर्यंत होता आणि ‘२ टी’ ९२ पर्यंत. १,१४० पैकी ३८० नग ‘२ टी’चे निघाले. तेवढे बाळांच्या हेडिंगमधून, म्हणजे सूचीतल्या बाळकपड्यांच्या चार अंकी गटातून, बाहेर काढून ६११४ मध्ये, होजिअरीच्या इतर कपड्यांत घालावे लागले. कागद दुरुस्त झाले, दंड झाला, गोदामाचं पाच दिवसांचं भाडं वेगळं. बाई सगळं भरून निघताना मला म्हणाल्या, “ताई, दोन वर्षांचं मूल बाळ नाही, तर मग कोण?”

त्या प्रश्नाचं उत्तर जकातीच्या सूचीत एका ओळीत आहे, आणि ते फारच थोड्यांना माहीत आहे.

जगभरातल्या जकात सूचींचा सांगाडा एकच आहे. ब्रुसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना तो सांभाळते. हार्मोनाइज्ड सिस्टिम असं त्याचं नाव, आमच्या तोंडी नुसतं एचएस. १ जानेवारी १९८८ पासून तो लागू आहे आणि आज २०० हून अधिक देश आणि प्रदेश तो वापरतात. कोडचे पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असतात, पुढचे अंक आणि शुल्काचे दर ज्याचे त्याचे. कपड्यांची दोन मोठी प्रकरणं आहेत. ६१ वं होजिअरीचं, म्हणजे टाक्यात टाका अडकवून विणलेल्या कापडाचं, आणि ६२ वं उभ्या-आडव्या धाग्यांच्या कापडाचं. पहिल्यात बाळांच्या कपड्यांचं हेडिंग ६१११ आहे, दुसऱ्यात ६२०९. ‘बाळ’ म्हणजे कोण, हे दोन्ही प्रकरणांच्या टिपांमध्ये सांगितलं आहे. ज्याच्या शरीराची उंची ८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही असं लहान मूल. वयाचा तिथे उल्लेखच नाही. महिने नाहीत, वर्षं नाहीत.

हे वाक्य मी नव्या मुलामुलींना शिकवते तेव्हा ‘शरीराची’ या शब्दाखाली पेन्सिलीनं दोनदा रेघ मारते. कारण दुसरी हमखास होणारी चूक तिथे आहे. लोक टेप काढतात आणि कपडा मोजतात. ८६ च्या मुलाचा रोम्पर खांद्यापासून पावलापर्यंत सत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरतो, कारण डोकं आणि मान कपड्याच्या बाहेर असतात. मग ८० सेंटिमीटर लांबीचा रोम्पर हातात आला की म्हणतात, ‘८६ च्या आतच आहे की!’ तो कपडा खरं तर सव्वातीन-साडेतीन वर्षांच्या मुलाचा असतो.

वय हा किती कच्चा हिशेब आहे हे मला माझ्या घरातल्या दाराच्या चौकटीनं शिकवलं. माझा नातू आणि माझ्या भाचीची मुलगी एकाच आठवड्यात दोन वर्षांची झाली. दोघांना चौकटीला टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून मी रेघा ओढल्या. नातू ९० सेंटिमीटर, भाचीची मुलगी ८२. दोघंही ठणठणीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या तक्त्यांमध्ये २४ महिन्यांच्या मुलग्याची मधली उंची ८७.१ सेंटिमीटर आहे आणि मुलीची ८५.७. म्हणजे ८६ ची रेघ नेमकी दोघांच्या मधून जाते. त्याच तक्त्यात दोन वर्षांच्या मुलग्यांचा नेहमीचा पट्टा साधारण ८१ पासून ९३ पर्यंत पसरलेला दिसतो. अशा वेळी लेबलावर नुसतं ‘दोन वर्षं’ लिहिणं म्हणजे जकातवाल्यांना काहीच न सांगणं.

आता कुणी म्हणेल, सूचीनं तरी हा ८६ चा हट्ट का धरावा? मला तो हट्ट पटतो. वय कपड्यावर दिसत नाही, उंचीसाठी कपडा बेतलेला असतो. युरोपातल्या मापांत तर आकडाच उंचीचा असतो. ५०, ५६, ६२, ६८, ७४, ८०, ८६, ९२, असा सहा-सहा सेंटिमीटरनं चढत जातो. तिथल्या कारखान्याचं बिल आलं की माझं काम दहा मिनिटांत होतं. ८६ पर्यंतचे नग एका ओळीत, ९२ पासून पुढचे दुसऱ्या ओळीत. घोळ होतो तो महिन्यांच्या लेबलांचा. ‘२४ एम’ आणि ‘२ टी’ यांत वयाचा फरक नाहीच, बेताचा आहे. ‘२४ एम’च्या बुडाशी लंगोटासाठी जागा सोडलेली असते, ‘२ टी’ चालत्या-धावत्या मुलासाठी लांबट आणि सडसडीत कापलेला असतो. शिवणाऱ्याला हा फरक ठाऊक असतो. बिल करणाऱ्याला नसतो. आणि ‘८६/९२’ असं जोडमाप लिहिलेला कपडा ९२ च्या मुलालाही बेतलेला असल्यामुळे मी तो बाळांत धरत नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे सहकारी आहेत, पण मी माझं मत बदललेलं नाही.

८६ च्या आत असलेल्या कपड्याला सूची बरीच सांभाळून घेते. एखादा कपडा बाळांच्या हेडिंगमध्येही बसतो आणि दुसऱ्याही एखाद्या हेडिंगमध्ये बसतो असं झालं, तर बाळांचं हेडिंग जिंकतं. टी-शर्ट असो, पँट असो, मोजे असोत की हातमोजे, होजिअरीचे असले आणि बाळाचे असले की सगळे ६१११ मध्ये. लाळेरंही तिथेच. टोपडं मात्र नाही, ते टोप्यांच्या ६५ व्या प्रकरणात जातं. बाळबुटांचा निकाल मी अंगठ्यानं लावते. बुटाच्या पोटाखालून अंगठा फिरवायचा. वेगळा तळ शिवलेला किंवा चिकटवलेला हाताला लागला तर तो पादत्राणांच्या ६४ व्या प्रकरणात, नाही लागला तर बाळाच्या कपड्यांत. भेटीच्या डब्यात होजिअरीचा सदरा आणि उभ्या-आडव्या कापडाची डंगरी एकत्र आली, तर डबा एक म्हणून कोड एक होत नाही. सदरा ६१११, डंगरी ६२०९. नुसत्या डोळ्यांना दोन्ही कापडं सारखी वाटली तर मी भिंग लावते. टाक्यांच्या साखळ्या दिसल्या की होजिअरी.

धाग्याचाही प्रश्न असतो. वजनानं जो धागा जास्त त्याचा कोड. पण लेबलावर ‘कापूस ५० टक्के, पॉलिएस्टर ५० टक्के’ असेल, तर सूचीच्या क्रमात जो नंतर येतो तो धरायचा, म्हणजे पॉलिएस्टर. मग कोड ६१११.३०. कारखान्यानं कौतुकानं ‘सुती’ लिहिलेला माल असा एका टक्क्यानं बाजू बदलतो. पण हे घोळ लेबल वाचून सुटतात तरी. उंची लेबलावरच नसते.

आता या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट सांगते. ८६ सेंटिमीटरच्या आत सूची विचारतच नाही, मुलगा की मुलगी. बाळ ते बाळ. ८७ वा सेंटिमीटर आला की दोन गोष्टी एकदम होतात. पहिली म्हणजे बहुतेक कपड्यांत ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ अशा वेगळ्या वाटा सुरू होतात. पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो मुलग्याचा, उजवी डावीवर येत असेल तर मुलीचा, बेतावरूनच स्पष्ट ओळखू येत असेल तेवढं सोडून. काहीच ओळखता आलं नाही तर मुलीचा धरायचा. गेल्या थंडीत वाऱ्या-पावसाची पातळ राखाडी जाकिटं आली होती, माप ९८, उभ्या-आडव्या कापडाची. पुढे नुसती चेन, त्यामुळे डावं-उजवं काही नाही. बेत दोघांना चालणारा, लेबलावरही काही नाही. सगळी ६२०२ मध्ये, मुलींच्या हेडिंगमध्ये गेली. मागवणाऱ्याला ते पटेना. मी त्याला टीप वाचून दाखवली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ८६ ओलांडलं की सूचीत मूल असं उरतच नाही. ‘पुरुष किंवा मुलगे’, ‘स्त्रिया किंवा मुली’ असे जोडीनं लिहिलेले हेडिंग सुरू होतात. चार वर्षांच्या मुलाची सुती पँट आणि त्याच्या वडिलांची सुती पँट, दोन्ही उभ्या-आडव्या धाग्यांच्या कापडाच्या असतील तर दोन्हींचा सहा अंकी कोड ६२०३.४२. होजिअरीचा सुती टी-शर्ट तर मुलगा, मुलगी, आई, बाप सगळ्यांचा ६१०९.१०. काही देश सहा अंकांच्या पुढे आपापले उपविभाग करतात, पण ते ज्याचे त्याचे. जगभर सारख्या असलेल्या सहा अंकांत तीन ते चौदा वर्षांच्या मुलांचे किती कपडे एका देशातून दुसऱ्या देशात गेले, हे कुणालाच मोजता येत नाही.

ते मोजून काय करायचं, असा प्रश्न मला एका सहकाऱ्यानं केला. मी त्याला हुडीच्या नाड्या दाखवल्या. लहान मुलांच्या कपड्यांच्या गळ्याशी आणि टोपीला असलेल्या नाड्या घसरगुंडीच्या फटीत, बसच्या दारात अडकून मुलांचे गळे आवळले गेले आहेत, मुलं दगावली आहेत. म्हणून युरोपात ईएन १४६८२ हे मानक आहे. जन्मापासून सात वर्षांपर्यंतच्या, म्हणजे १३४ सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना टोपीला आणि गळ्याशी नाडी नको, असं ते सांगतं. सुरक्षेचा नियम १३४ पर्यंत मुलाची सोबत करतो आणि जकातीची सूची ८६ ला त्याचा हात सोडते. नाड्या तपासायच्या म्हणून कुणी कोडवरून पेट्या निवडायला बसलं, तर पाच वर्षांच्या मुलांच्या जाकिटांची पेटी बाप्यांच्या जाकिटांत मिसळून गेलेली असते. सापडणार कशी? रोज त्याच याद्या बघणारी मी, मलाही कोडवरून ती ओळखता येत नाही. वर्णनाच्या रकान्यात कुणी ‘मुलांसाठी’ असं लिहिलं असेल तरच.

सूची बदलता येत नाही असं मला कुणी सांगू नये. बाळाच्या लंगोटांचंच उदाहरण घ्या. २०१२ च्या आधी कागदाचा लंगोट कागदाच्या ४८ व्या प्रकरणात, कापसाच्या गादीचा ५६ व्या, कापडाचा कपड्यांत, असे ते विखुरलेले होते. २०१२ च्या आवृत्तीत ९६१९ हे नवं हेडिंग आलं आणि कशाचाही बनलेला असो, लंगोट एका जागी आला. त्या वर्षी मी जुन्या कोडची वही फाडून नवी केली होती आणि मनापासून बरं वाटलं होतं. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होते आहे, तिच्यातले बदल ठरून गेले आहेत. पण त्याच्या पुढच्या आवृत्तीची चर्चा सुरू होईल तेव्हा ८६ आणि १३४ च्या मधल्या मुलांसाठी एक उपविभाग मागायला हवा. कपडे-निर्यातदारांच्या आणि आयातदारांच्या संघटनांनी तो आपापल्या सरकारांमार्फत मागावा. मोठ्या माणसांचे छोटे कपडे मुलांचे म्हणून घुसवले जातील ही भीती खरी आहे. पण ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅट शून्य आहे आणि चौदाव्या वाढदिवसाआधीच्या मुलांच्या शरीराच्या मापांवरून तो ठरतो. १३४ वर तर ती भीती आणखी कमी, कारण १३४ सेंटिमीटरच्या मुलाचा कपडा मोठ्या माणसाच्या अंगात शिरायचा नाही.

ती लांबची गोष्ट झाली. जवळची गोष्ट कारखान्यांच्या आणि मागवणाऱ्यांच्या हातात आहे आणि तिला ब्रुसेल्सची परवानगी लागत नाही. लेबलावर महिने लिहायचेच असतील तर लिहा, पण खाली उंची सेंटिमीटरमध्ये छापा. बिलावर ‘लहान मुलांचे कपडे’ अशी एक ओळ करू नका, दर मापाची वेगळी ओळ करा आणि तिच्यासमोर उंची, कापडाचा प्रकार, धाग्यांचं प्रमाण आणि नग लिहा. मालाची मागणी नोंदवतानाच मापांचा तक्ता मागून घ्या, माल निघाल्यावर नाही. माल बंदरात येऊन पडला की कारखान्याला घाई नसते, घाई तुम्हाला असते. मोठ्या ब्रँडांकडे हे सगळं पाहायला माणसं असतात. पहिल्यांदा माल मागवणाऱ्या एकट्या बाईकडे नसतात, आणि दंडाच्या पावतीत तसा काही फरक केलेला नसतो.

त्या बाई खचल्या नाहीत. त्यांनी दुसरी ऑर्डर दिली, आणि या वेळी कारखान्याकडून कच्चं बिल माल निघण्याआधी माझ्याकडे पाठवलं. त्यात ‘उंची’ असा वेगळा रकाना आहे. सात ओळी आहेत, सहा ओळींत आकडे आहेत. सातव्या ओळीत पुन्हा ‘२ टी’ लिहून पुढे रकाना रिकामा सोडला आहे. तो भरून येईपर्यंत मी पुढचा एकही कागद करणार नाही, असं मी कारखान्याला कालच कळवलं आहे.

आपली,
आयात-मालाची कागदपत्रं करणारी एक वाचक